देवमाशाला नणंद नसते

हिंगानोला देवमाशांचं फारसं कौतुक नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गेल्यापासून जो तो तिच्याबद्दल काहीबाही बोलत सुटलाय. प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबा म्हणाले, ती समुद्राची लेक होती. कसली लेक! मोसमाच्या पहिल्या आठवड्यात तिला बोट लागायची, आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून ती इंजिनाकडे तोंड करून ओकायची. मी बोट चालवायचो, ती गाईड. इतके मोसम एका बोटीवर काढलेत, तेव्हा हिंगानो कशी होती हे मला कुणी शिकवू नये.

दर थंडीत दक्षिणेकडून देवमासे आमच्या वावाऊच्या बेटांमध्ये येतात. पाठीला कुबड, दोन्ही अंगांना लांबलचक पांढरे पर. इथल्या कोमट पाण्यात माद्या पिल्लं घालतात, दूध पाजून त्यांना जरा धडधाकट करतात आणि मग घेऊन जातात. माझा आजा त्यांना भाल्यानं मारायचा. मी त्यांना बघायला माणसं नेतो. संध्याकाळी मुळ्यांचा कावा प्यायला बसलं की म्हातारे मला अजून डिवचतात, "मोसेसे, तुझ्या आजानं एका देवमाशात अख्खं गाव जेवू घातलं. तू नुसता दाखवतोस, चाखायला काही देत नाहीस."

पिल्लू असलेली मादी दिसली की मी लांबवरच इंजिन बंद करायचो. मग हिंगानो एकटी पाण्यात उतरायची. चष्मा लावायची, श्वासाची नळी तोंडात धरायची आणि पाण्यात तोंड घालून नुसती पडून राहायची. खाली मादी निवांत असेल, पिल्लू तिच्या गळ्याखाली असेल, तर हिंगानो हात वर करायची आणि मग चार जण तिच्या मागून उतरायचे. चारच, पाचवा नाही. मादी अस्वस्थ असेल तर ती हात वर करायचीच नाही. बोटीवर माणसं कुरकुरायची. एकदा एक गोरा गृहस्थ म्हणाला, आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून आलोय. हिंगानो शिडीला धरून म्हणाली, "साहेब, आत जायचं की नाही ते आई ठरवते. मी फक्त वाट बघते."

आणि वाट बघणं तिला खरोखर यायचं. उन्हात, वाऱ्यात, ओठ निळे पडेपर्यंत ती पाण्यात पडून असायची. मी वरून ओरडायचो, "ए बाई, जिवंत आहेस की तुझ्या मयताच्या जेवणाला डुक्कर कापायला घेऊ?" ती तोंड वर न काढता एक हात हलवायची. आमच्याकडे बहीण-भावांत, चुलत-मावसांतसुद्धा थट्टा चालत नाही. एका खोलीत बसायचीही चोरी. मी तिच्या कुठल्याच नात्यात बसत नव्हतो, म्हणून आमचं जमलं.

वर आल्यावर पाहुणे रडायचे. बायका तर हमखास. पिल्लाला आईनं कसं नाकावर उचलून धरलं, कसं पराखाली घेतलं, हे एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगायच्या. एकीनं हिंगानोचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, हे रोज बघून तुला काय वाटतं? हिंगानो म्हणाली, "तुमचा टॉवेल ओला झालाय, दुसरा देऊ?" आणि सगळ्यांकडे पाठ करून टोकाला बसली आणि उकडलेला कसावा खाऊ लागली. बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, तिला भूक लागलीय.

दुसरं काय सांगणार होतो? ती तशी का, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि गावात कुणीच बोलत नव्हतं.

तिचा नवरा फेहोको. भला माणूस, आणि भल्या माणसाचा जितका उपयोग असतो तितकाच त्याचा होता. त्याची थोरली बहीण कालोलाइने ऑकलंडला एका वृद्धाश्रमात कामाला होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं बोलायची सोय आमच्या बेटांवर नाही. मिशा नसतानाच आत्या सगळ्या काकांच्या वर असते. भावाच्या पोरांची नावं ती ठेवते. पंगतीतला पहिला वाटा तिचा. मयताच्या उशाशी बसायचा मान तिचा. आणि तिनं भावाचं एखादं मूल मागितलं तर ते तिच्या पदरात घालायचं. त्यात वावगं काही नाही, मीही आत्याच्याच घरी वाढलो आणि आईच्या हातचं खाल्लं असतं त्यापेक्षा बरं खाल्लं. दिलेल्या पोराला दोन आया असतात, दोन घरं असतात. दोन्ही दारं उघडी असतात.

हिंगानोला पहिला मुलगा सेमीसी, मग मुलगी. मुलीचं नाव आत्यानंच ठेवलं, सिआले. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला कालोलाइने आली. अख्खं गाव जेवलं. जेवणं झाल्यावर कालोलाइनेनं पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "फेहोको, ही माझी."

फेहोको चटईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझीच आहे, ताई."

मी तिथेच होतो, हाडूक चघळत. हिंगानो स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि तेवढंच.

निघायच्या दिवशी तिनं पोरीच्या अंगाला खोबरेल तेल लावलं, केस विंचरले, नवा झगा घातला आणि आपल्या हातांनी नणंदेच्या मांडीवर दिली. तेव्हा कालोलाइनेनं आणखी एक मागितलं. हे माझ्या बायकोनं आपल्या कानांनी ऐकलं.

"हिंगानो, तिला माझीच म्हणून वाढू दे. मोठी झाल्यावर तिचं मन दोन घरांत फाटायला नको. तू तोंड उघडायचं नाहीस."

"नाही उघडणार, वन्सं."

असं मागायची आमच्यात रीत नाही. मूल मागावं, त्याची आई पुसून टाकायला सांगू नये. पण कालोलाइनेला पोरीची दुसरी आई नको होती, आणि आत्याला नाही म्हणायचं कुणी? पोर अजून अंगावर पीत होती. विमान गेल्यावर हिंगानोची छाती दुधानं भरून ठणकायची, आणि माझी बायको तिला पानं शेकून द्यायची. पुढच्याच मोसमात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कॅप्टन, मला पोहता येतं. काम दे."

मी विचारलं, "बोट लागते का?"

"नाही," ती म्हणाली. धडधडीत खोटं.

सुरुवातीला ऑकलंडहून फोटो यायचे. शाळेच्या गणवेशातली सिआले, दात पडलेली सिआले. मग फक्त फोन यायचे, फेहोकोला. मग नाताळचा एक फोन. हिंगानो कधी काही विचारायची नाही. फेहोको फोन ठेवायचा आणि म्हणायचा, "बरी आहेत." तेवढं ऐकून ती पुन्हा कामाला लागायची.

मग फेहोको गेला. रात्री जेवला, झोपला, सकाळी उठला नाही. कालोलाइने एकटीच आली. सिआलेची परीक्षा होती म्हणे. मयताला आम्ही काळे कपडे घालतो आणि कमरेला चटई गुंडाळतो, आणि चटईवरून कळतं, कोण गेलेल्याचं किती जवळचं. परके येतात ते छोटी, नीटनेटकी चटई बांधून. ज्याचं घर बुडालं तो जुनी, विरलेली, कडा फाटलेली भलीमोठी चटई बांधतो, इतकी मोठी की चालताना फरपटावी. कालोलाइने बारीक विणीची चटई बांधून भावाच्या उशाशी बसली, तो तिचा मान होता. हिंगानो फाटक्या चटईत मागच्या अंगणात भट्टीच्या धुराजवळ स्वयंपाकात होती. दोघी एकमेकींशी काय बोलल्या? "जेवलीस का?" "जेवले, वन्सं." एवढंच.

ती फाटकी चटई हिंगानो वर्षभर बांधत होती. बोटीवरसुद्धा. पाण्यात उतरायच्या आधी सोडायची, कठड्यावर घालायची, वर आली की ओल्या अंगावर पुन्हा बांधायची. पाहुणे विचारायचे, हा तुमचा पारंपरिक पोशाख का? ती म्हणायची, हो.

वर्ष सरलं तेव्हा थडगं साफ करून नवी वाळू घालायला कालोलाइने पुन्हा आली, आणि या वेळी सिआलेला घेऊन. शनिवारी सकाळी दोघी धक्क्यावर उभ्या होत्या. आत्या काठी टेकत, काळ्या कपड्यांत. पोरगी उंच, विशीतली, हिंगानोचाच जबडा, पुढच्या दातांत तिचीच फट. ओळखायला नको म्हणून बघणाऱ्याला आंधळंच व्हावं लागलं असतं.

हिंगानोच्या हातात पोहताना पायांत घालायच्या पंख्यांचा ढीग होता. तिनं तो खाली ठेवला आणि मापाप्रमाणे लावू लागली. सगळे लावून झाले. मग मोडून पुन्हा लावू लागली.

"हिंगानो, बरी आहेस?" कालोलाइने म्हणाली.

"बरी आहे, वन्सं. तुमचे गुडघे?"

"आहेत अजून. हिला देवमासे बघायचेत. मी म्हटलं दुसऱ्या मोठ्या बोटीनं जाऊ, तिला सावली बरी आहे. तर हिचा हट्ट, हीच बोट पाहिजे."

मी इंजिनाचं झाकण उघडं टाकून पोरीकडे बघितलं. ती हिंगानोकडे बघत होती.

त्या दिवशी बरोबर एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, तेवढंच. वारा पडलेला. दोन बेटांच्या मधल्या आडोशाला एक मादी दिसली, पिल्लू अगदी लहान, पाठीवरचा पर अजून मुडपलेला. मी इंजिन बंद केलं. हिंगानो उतरली आणि पडून राहिली. बराच वेळ झाला. कालोलाइने छताखाली रुमालानं घाम पुसत म्हणाली, "काय करतेय ही?"

"वाट बघतेय," मी म्हटलं.

शेवटी हात वर झाला. ते जोडपं सरसर उतरलं. सिआले शिडीवर पाय ठेवून थांबली. ऑकलंडच्या तरणतलावात पोहलेली पोर, खाली निळंशार बुडाशिवायचं पाणी बघून तिनं पाय मागे घेतला. ती इंग्रजीत म्हणाली, मला नाही जमणार. हिंगानो शिडीपाशी आली आणि तिनं हात पुढे केला. पोरीनं तो धरला.

वरून मला जे दिसलं ते सांगतो. पिल्लू दम घ्यायला वर आलं, दोघींच्या अगदी जवळ. एकदा उताणं झालं, शेपटी आपटली, पाणी उडालं. मग खालून आई हळूहळू वर आली, अंगावर कुठेही घाई नाही. तिनं पिल्लाच्या आणि माणसांच्या मधे आपलं अंग आणलं, फुस्सकन श्वास सोडला आणि पिल्लाला बगलेला घेऊन पुन्हा खाली गेली. दोन डोकी पाण्यावर शेजारी शेजारी होती. ऑस्ट्रेलियन जोडपं कधीच वर चढून आलं होतं, तरी त्या दोघी तिथेच. मी हाक मारली नाही. कालोलाइनेनंही मारली नाही, पण ती उठून कठड्याला धरून उभी होती.

वर आल्यावर हिंगानोनं पोरीच्या खांद्यावर टॉवेल घातला, चहा दिला, डब्यातली बिस्किटं पुढे केली. कालोलाइने बाकावर टेकून डोळे मिटून बसली होती, हातात चहाचा कप. सिआले सकाळपासून इंग्रजीतच बोलत होती. आमची भाषा तिला तोडकीमोडकीच यायची. आणि मग तिनं आमच्या भाषेत, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता, घोकून आणलेला धडा म्हणावा तसं विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

इंजिन बंद होतं. पाण्याचा चुळूकचुळूक आवाज तेवढा येत होता.

"एक," हिंगानो म्हणाली. "मुलगा. सेमीसी. धक्क्यावर कामाला आहे."

"एकच?"

"एकच. बिस्कीट घे ना, पाण्यातून आल्यावर भूक लागते."

पोरीनं बिस्कीट घेतलं. खाल्लं नाही, हातात धरून बसली. धक्क्यावर उतरेपर्यंत ते तिच्या हातात मऊ पडलं होतं. उतरताना ती माझ्याजवळ थांबली.

"कॅप्टन, त्यांना खरंच एकच मुलगा आहे?"

मी हिंगानोकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. माझा संताप झाला होता. मी म्हटलं, "तिलाच विचार."

"विचारलं की," पोरगी म्हणाली, आणि गाडीकडे गेली. गाडीत बसताना तिनं मागं बघितलं नाही.

हिंगानो बादलीत चष्मे आणि नळ्या धूत बसली. मी दोर गुंडाळत होतो, पण हात कामात नव्हता.

"तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"काही नाही. मला विचारलं, मी सांगितलं."

"अगं, तिला माहीत होतं! ती ते वाक्य पाठ करून आली होती. एवढ्या बोटी सोडून या बोटीवर आली, ती काय माझं थोबाड बघायला?"

"मला कळलं ते."

"कधी?"

"पाण्यात. तिनं माझा हात सोडला नाही. परक्या बाईचा हात कुणी असा धरत नाही."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "माझा आजा सांगायचा, भाला आधी पिल्लाला मारायचा. मग आईच्या मागे धावावं लागत नाही. ती जातच नाही. भाला दिसत असतो, रक्त दिसत असतं, तरी पिल्लाजवळ थांबते. जनावर आहे ते, जनावर! आणि तू..."

ती चष्मे धूत राहिली. एक धुतला, उन्हात धरून बघितला, बाजूला ठेवला.

"देवमाशाला नणंद नसते, कॅप्टन," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

थोड्या वेळानं तीच बोलू लागली, "तू वन्संकडे बघितलंस का तेव्हा? डोळे मिटलेले होते, पण कप कलंडला होता. चहा मांडीवर सांडला, तरी डोळे उघडले नाहीत त्यांनी. मी दोन म्हटलं असतं ना, तर ती बाई बसल्या जागी संपली असती. शब्द दिलाय मी त्यांना. आणि मला सेमीसी आहे. त्या तिकडे घरी जाऊन दिवा लावतील तेव्हा त्यांच्याजवळ कोण आहे?"

"आणि पोरगी?"

"पोरगी तरुण आहे. तिला सोसेल." तिनं बादली पालथी केली. "परत येईल ती. वन्सं नसताना, एकटी येईल. तेव्हा पुन्हा विचारेल. तेव्हा सांगेन. वाट बघता येते मला."

माझ्या मते तिथे ती चुकली. देवमाशांशी वागता वागता तिला वाटायला लागलं होतं, की जो थांबतो त्याच्याजवळ सगळं आपोआप येतं. ऑकलंडला वाढलेली पोर एकदा विचारते, तेसुद्धा हिंमत गोळा करून. तिला उत्तर मिळालं होतं.

दुखवट्याचं वर्ष संपलं होतं. हिंगानोनं ती फाटकी चटई गुंडाळली आणि माझ्या बसायच्या बाकाखालच्या खणात ठेवली. "राहू दे इथे," म्हणाली. "कुणा ना कुणासाठी लागेलच."

पुढच्या मोसमात ती बदलली. बदलली म्हणजे काय, पाहुण्यांची गाडी आली की ती हातातलं काम सोडून बघायला लागली. आधी कधी बघत नसे. एकटी, काळ्या केसांची, उंच मुलगी उतरली की तिचा चेहरा असा व्हायचा, की मी दुसरीकडे बघायचो. मग ती मुलगी चिलीची निघायची, नाहीतर हवाईची. त्याच्या पुढच्या मोसमातही तेच. मी एकदा म्हटलं, "फोन कर ना. नंबर आहे सेमीसीकडे."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती?"

"मग कागद पाठव."

"तिनं विचारल्याशिवाय मी तोंड उघडायचं नाही, असं ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?"

"माझ्याशी," ती म्हणाली. या बाईशी वाद घालणं म्हणजे खडकावर डोकं आपटणं.

तिला साखर होती, आमच्याकडे अर्ध्या गावाला असते. पोवळ्याच्या खडकावर पाय चिरला आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. खाऱ्या पाण्यानं बरं होतं, म्हणायची. मोसम सरेपर्यंत ती सुजलेल्या पायात पंखा घालून उतरत होती, कारण गाडी कधी येईल सांगता येत नाही. मला जखमेचा वास आला तेव्हा मी तिला ओरडलो, आणि सेमीसीनं तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय कापून टाकला. त्यानंतर ती काही फार जगली नाही. मी भेटायला गेलो की विचारायची, देवमासे गेले का? मी म्हणायचो, कधीच गेले, आता पावसाळा आहे. मग म्हणायची, "म्हणजे आता गाड्या येत नसतील." मी म्हणायचो, नाही येत.

ती गेली तेव्हा सेमीसीनं ऑकलंडला कळवलं. मला वाटलं नव्हतं, पण दोघी आल्या.

मी सकाळीच बोटीवर जाऊन बाकाखालची चटई काढून आणली होती. कशासाठी, ते मला नीट माहीत होतं. अंगणात मांडव होता, मागे भट्टीतून अळूच्या पानांचा आणि मांसाचा वास येत होता, बायका डोळे पुसत पुसत पानं काढत होत्या. त्या दिवशी उशाशी बसायचा मान कालोलाइनेचा नव्हता. हिंगानोच्या माहेरची एक म्हातारी आत्या तिथे बसली होती. कालोलाइने मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसली, आणि तिच्या शेजारी सिआले. दोघींच्या कमरेला चटया होत्या. छोट्या, बारीक विणीच्या, नीटनेटक्या. परक्यांच्या.

लोक बघत होते आणि नजर चुकवत होते. मला नजर चुकवणं जमत नाही. मी जाऊन पोरीसमोर उभा राहिलो आणि चटई पुढे केली.

"ही बांध," मी म्हटलं. "तिचीच आहे. पोटच्या पोरीनं असली बांधायची असते. तुला कुणी सांगितलं नसेल."

सिआलेनं चटईकडे बघितलं. कडा झिजलेल्या, खाऱ्या पाण्यानं कडक झालेल्या, ठिकठिकाणी भोकं. तिनं हात पुढे केला, एका भोकावरून बोट फिरवलं. मग हात मांडीवर घेतला.

"कॅप्टन, त्यांना एकच मुलगा होता," ती आमच्या भाषेत म्हणाली, स्वच्छ, कुठेही न अडखळता. "त्यांनी स्वतः सांगितलंय मला."

मला खूप सांगायचं होतं. हात धरल्याचं, गाड्यांचं, पायाचं. पण ते सांगायचं तर शेजारी बसलेल्या कालोलाइनेसमोर सांगावं लागलं असतं, आणि जिनं तिच्यासाठी तोंड मिटलं ती आत चटयांवर पडली होती.

कालोलाइनेनं सगळं ऐकलं होतं. ती काठीवर जोर देऊन उठली. तिनं आपल्या कमरेची ती बारीक विणीची चटई सोडली, खुर्चीवर टाकली आणि माझ्याकडे हात केला.

"इकडे आण," ती म्हणाली.

थोरल्या नणंदेनं भावजयीसाठी फाटकी चटई बांधायची, हे आमच्या बेटांवर कुणी बघितलं नव्हतं. तिनं ती अंगाभोवती घेतली. मोठी होती, जमिनीवर लोळत होती. दोर हातात धरला, पण काठी सांभाळत एका हातानं गाठ बसेना.

"सिआले," ती म्हणाली, "गाठ मार गं."

सिआले समोर बघत बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. शेवटी सेमीसी पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं आत्याच्या कमरेला गाठ मारली. मग कालोलाइने काठी टेकत, चटई फरपटत, मागच्या अंगणात धुराकडे गेली, जिथे हिंगानो असायची.